तेरा विजय, पण कोणावर?

प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामात पुणेरी पलटण आणि दबंग दिल्ली या दोन संघांनी साखळीतल्या अठरा सामन्यांपैकी तेरा-तेरा जिंकले. दोघांचेही गुण २६ झाले आणि गुणफरक सरस म्हणून पलटणला पहिला क्रमांक मिळाला. पुढे क्वालिफायरमध्ये हेच दोघे ३४-३४ असे बरोबरीत अडकले आणि टायब्रेकरमध्ये दिल्ली ६-४ ने सुटली. पलटण दुसऱ्या वाटेने, तेलुगू टायटन्सला हरवून, अंतिम फेरीत आली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये ३१-२८ अशी हरली. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार आमच्या नगर जिल्ह्याचा. जिल्ह्याचं कागदोपत्री नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी कबड्डीच्या बोलण्यात ते अजून नगरच असतं. त्यामुळे त्या तीन गुणांची हळहळ श्रीरामपूर-राहुरीकडे जरा जास्तच झाली. ‘आपण पहिले होतो’ हा त्या हळहळीतला मुख्य मुद्दा होता. पण पहिले म्हणजे नेमकं काय, हे विचारलं की गोष्ट अवघड होते. बारा संघांच्या स्पर्धेत प्रत्येकाला अकरा प्रतिस्पर्धी असतात. सामने अठरा. सगळ्यांशी एकेकदा खेळून झालं की सात सामने उरतात. म्हणजे सात संघांशी दोनदा गाठ पडते आणि चौघांशी एकदाच. हे सात कोण आणि चार कोण, ते प्रत्येक संघासाठी वेगळं. पुण्याचे तेरा विजय आणि दिल्लीचे तेरा विजय हे वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांमधले सारखे गुण आहेत.

ही तक्रार नवी नाही, आणि कबड्डीची तर मुळीच नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा संघ आठ होते आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी दोनदा खेळायचा, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. २०१७ साली संघ बारा झाले आणि दोन विभाग पाडले गेले. आपल्या विभागातल्या पाच संघांशी तीन-तीनदा खेळायचं आणि दुसऱ्या विभागातल्यांशी साधारण एकदा, अशी ती मांडणी होती. एक विभाग तगडा आणि दुसरा पोचट निघाला तर काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. २०१९ पासून पुन्हा सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा, म्हणजे प्रत्येकी बावीस आणि एकूण १३२ साखळी सामने, अशी सरळ पद्धत आली आणि अकराव्या हंगामापर्यंत टिकली. दहाव्या हंगामात याच पद्धतीने पलटण ९६ गुणांनी पहिली आली आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून विजेतीही ठरली. बाराव्या हंगामात १३२ चे १०८ झाले आणि वेळापत्रकाचा समतोल गेला. पूर्ण पद्धतीत पलटण जिंकली, अपुऱ्या पद्धतीत हरली, म्हणून पद्धतीनेच घात केला असं मात्र कोणी म्हणू नये. एका सामन्यातल्या तीन गुणांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही. प्रश्न अंतिम सामन्याचा नाहीच, त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत गुणतक्ता जे सांगत होता त्याचा आहे.

वेळापत्रकाने किती फरक पडू शकतो, याचा हिशेब फार कठीण नाही. समजा एक मध्यम ताकदीचा संघ आहे. तळाच्या चार संघांविरुद्ध तो दहातले सात सामने जिंकतो आणि वरच्या चौघांविरुद्ध दहातले चार. आता वेळापत्रक करणाऱ्याने त्याला वरच्या चौघांशी एकदाच आणि तळाच्या चौघांशी दोनदा खेळवलं, किंवा नेमकं उलटं केलं. फरक पडतो चार सामन्यांचा. त्या चार सामन्यांत एका मांडणीत सरासरी २.८ विजय मिळतील, दुसरीत १.६. म्हणजे सव्वा विजयाच्या आसपास, तक्त्याच्या भाषेत जवळजवळ अडीच गुण. ही दोन टोकं झाली. प्रत्यक्षातली वेळापत्रकं मधेच कुठेतरी असणार आणि फरक याच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा राहणार. पण ज्या तक्त्यात पहिला आणि दुसरा यांच्यात शून्य गुणांचं अंतर आहे, तिथे एक गुणसुद्धा पुरेसा असतो.

यावर जाणकार माणूस म्हणेल, नशिबाचा वाटा याहून मोठा आहे. ते खरंच आहे. अठराही सामने नाणेफेकीसारखे मानले, तर सरासरी नऊ विजय येतील आणि त्यापासून दोन विजय इकडे किंवा दोन तिकडे होणं अगदी सामान्य गणलं जाईल. शेवटच्या चढाईत बोट लागलं की नाही, पंचांना लॉबीतला पाय दिसला की नाही, यावर सामने फिरतात. मग वेळापत्रकाच्या सव्वा विजयाचं एवढं कौतुक कशाला? कारण दोन्ही गोष्टी एका जातीच्या नाहीत. चढाईतलं नशीब कोणी ठरवत नाही आणि ते दोन्ही बाजूंना सारखंच बेभरवशाचं असतं. वेळापत्रक मात्र हंगामाच्या आधी माणसं बसून ठरवतात, त्यात प्रक्षेपणाचे तास, स्टेडियमच्या तारखा आणि प्रेक्षक खेचणाऱ्या जोड्या यांचा विचार असतो. टाळता न येणारी विषमता सहन करावी लागते. ठरवलेल्या विषमतेचं कारण विचारता येतं.

कुस्तीचं वेड असलेल्या नगरला हा भेद वेगळा शिकवायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये वाडिया पार्कला ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तिची रचनाच दोन वाटांची आहे. गादी विभागातला विजेता आणि माती विभागातला विजेता यांच्यात शेवटी किताबाची लढत होते. पृथ्वीराज मोहोळ गादीवरून आला, महेंद्र गायकवाड मातीवरून, आणि मोहोळने गदा जिंकली. त्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून जे घडलं त्याची चर्चा पुरेशी झाली आहे. पण दर वर्षी, वाद असो वा नसो, एक तक्रार ठरलेली असते, की अमक्याला सोपी जोड मिळाली आणि तमक्याला पहिल्याच फेरीत डोंगर. तरीही कुस्तीत ही तक्रार फार टिकत नाही, कारण बाद पद्धतीत कुणीच समानतेचं आश्वासन दिलेलं नसतं. चिठ्ठी निघाली, जोड लागली, हरला तो घरी गेला. साखळीचं तसं नाही. साखळी हे आश्वासनच आहे, की एका दिवसाच्या चुकीने तू बाहेर जाणार नाहीस, सगळ्यांना सारख्या मापाने मोजू. म्हणून साखळीतलं असमान वेळापत्रक जास्त खुपतं.

क्रिकेटप्रेमींना हे गणित आयपीएलमध्ये रोज भेटतं, फक्त त्याकडे लक्ष जात नाही. २०२२ पासून तिथे दहा संघ आहेत. पूर्ण दुहेरी साखळी करायची तर नव्वद सामने लागतात, होतात सत्तर. प्रत्येक संघ पाच जणांशी दोनदा आणि चौघांशी एकदा खेळतो. २०२२ साली हे ठरवताना संघांनी आजवर जिंकलेली विजेतेपदं आणि गाठलेल्या अंतिम फेऱ्या मोजून त्यांना क्रम दिला गेला आणि त्यावरून दोन गट पाडले गेले. नियम उघड होता, हे चांगलंच. पण तो इतिहासावर बेतलेला होता. इतिहासाने पहिले ठरलेले मुंबई इंडियन्स त्या वर्षी दहावे आले, दुसरे ठरलेले चेन्नई सुपर किंग्ज नववे आले, आणि इतिहासच नसलेले गुजरात टायटन्स विजेते झाले. म्हणजे ज्यांच्या वाट्याला मुंबई दोनदा आली त्यांना कागदावर वाघ आणि मैदानात मांजर मिळालं. त्या हंगामाचे सत्तरही साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि गहुंजे इथल्या चार मैदानांवर झाले होते, त्यामुळे प्रवासाची सबबही फारशी नव्हती. पण एवढ्यावर ‘सोपं वेळापत्रक, सोपा प्रवेश’ असा निष्कर्ष काढायला जाल तर त्याच हंगामाचा २१ मे चा सामना आडवा येतो. दिल्ली कॅपिटल्सना मुंबईशी दोनदा खेळायला मिळालं होतं, बंगळूरला एकदाच. वानखेडेवर दिल्लीला या तळाच्या संघाला हरवायचं होतं, रनरेट बंगळूरपेक्षा चांगलाच होता. दिल्ली हरली आणि प्लेऑफला बंगळूर गेलं. संधी मिळाली म्हणजे गुण मिळाले असं नसतं. माझं म्हणणं संधीपुरतंच आहे. संधी सारखी नव्हती, एवढं तक्त्याने मान्य करावं.

आता यावरचा लोकप्रिय उपाय पाहू. तो प्रो कबड्डीनेही केला. प्लेऑफचं दारच रुंद करायचं. बाराव्या हंगामात बारापैकी आठ संघांना पुढे जायची संधी होती. पाचवा ते आठवा यांच्यात प्ले-इन सामने, तिसरा-चौथा यांना थोडी सवलत, पहिल्या दोघांना दुहेरी संधी. वरवर पाहता हे न्याय्य दिसतं. वेळापत्रकाने एखाद्याचे दोन गुण खाल्ले तरी आठव्या क्रमांकापर्यंत वाट मोकळी आहे, मग रडायचं कशाला? पाटणा पायरेट्सने हेच करून दाखवलं. साखळीच्या शेवटी सलग सामने जिंकत ते सातवे आले, प्ले-इनमध्ये आपल्यापेक्षा वर असलेल्या यू मुंबाला हरवलं आणि अंतिम फेरीपासून दोनच पावलांवर जाऊन थांबले. पाहायला हे फार मजेचं होतं. पण मुंबईच्या चाहत्याच्या बाजूने बघा. अठरा सामने खेळून वरचा क्रमांक मिळवायचा आणि तो चाळीस मिनिटांत गमवायचा, तर त्या अठरा सामन्यांचा अर्थ काय उरला? दार रुंद केल्याने वेळापत्रकातला अन्याय कमी होत नाही, साखळीचं वजन कमी होतं. वजन कमी झालं की अन्यायही कमी जाणवतो, एवढंच. ताप उतरत नाही म्हणून तापमापकच काढून ठेवण्यातला हा प्रकार आहे.

रग्बी लीगवाल्यांनी याच उपायाचा अनुभव आपल्याआधी घेतला आहे. तेरा-तेरा खेळाडूंचा, धरपकडीचा आणि मोजून सहा वेळा धरलं जाईपर्यंत चेंडू पुढे नेण्याचा हा खेळ कबड्डीच्या माणसाला परका वाटणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या मुख्य स्पर्धेत २०२३ पासून सतरा संघ आहेत आणि प्रत्येकाचे सामने चोवीस. प्रतिस्पर्धी सोळा, म्हणजे आठ जणांशी दोनदा आणि आठ जणांशी एकदा. तिथेही पहिले आठ पुढे जातात. तिथले लोक वेळापत्रकालाच ‘ड्रॉ’ म्हणतात, हा शब्दही बोलका आहे, जणू ते चिठ्ठीने निघतं. हंगाम सुरू होण्याआधीच कुणाचा ड्रॉ सोपा, कुणाचा खडतर याच्या याद्या छापल्या जातात आणि सप्टेंबर जवळ आला की आठव्या जागेसाठीच्या वादात त्याच याद्या पुन्हा बाहेर येतात. दार आठ जणांचं असल्याने वाद संपला नाही. तो पहिल्या क्रमांकावरून आठव्या क्रमांकावर सरकला.

मग सरळ बावीस सामन्यांवर परत का जाऊ नये? चोवीस सामने वाढतील, रोज दोन धरले तर बारा रात्री. चाहत्याला ते हवंच आहे. पण कबड्डी हा गुडघ्यांचा खेळ आहे. अकराव्या हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने मधेच बाहेर पडला आणि आदल्या वर्षीची विजेती पलटण प्लेऑफपर्यंतही पोहोचली नाही. त्या हंगामाची अंतिम लढत बालेवाडीत झाली, हरियाणा आणि पाटणा यांच्यात, आणि पुणेकरांनी ती पाहुण्यांची पंगत वाढल्यासारखी पाहिली. खेळाडू जपायचे तर सामने कमी हवेत, हा युक्तिवाद मला पटतो. शिवाय त्या हंगामाने आणखी एक गोष्ट दाखवली. सगळे सगळ्यांशी दोनदा खेळले तरी समानता पुरती येत नाही. अस्लम असलेल्या पलटणशी खेळणं आणि अस्लम नसलेल्या पलटणशी खेळणं यांत फरक आहे, आणि तो कोणाच्या वाट्याला कधी आला हे तारखांवर ठरतं. तारखांबरोबर गावंही येतात. बारावा हंगाम विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार ठिकाणी झाला. महाराष्ट्रात एकही सामना नाही. म्हणजे पुणे आणि मुंबई या दोन्ही संघांना घरचं मैदान नव्हतंच, आणि दिल्लीने किताब स्वतःच्या प्रेक्षकांपुढे घेतला. यातून कोणी कट शोधू नये, स्टेडियम मिळणं-न मिळणं हा व्यवहार असतो. पण गुणतक्त्यात याचीही कुठे नोंद नाही.

तेव्हा विषमता राहणारच. जगभर राहिली आहे. फरक आहे तो तिच्याशी वागण्याचा. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये ३२ संघ आणि प्रत्येकी फक्त सतरा सामने असतात, म्हणजे निम्म्याहून जास्त संघांशी गाठच पडत नाही. तरी तिथे प्रतिस्पर्धी कसे ठरतात ते आधीच ठाऊक असतं. गट ठरलेल्या क्रमाने फिरतात आणि काही सामने गेल्या वर्षी आपल्याच क्रमांकावर आलेल्यांशी होतात, म्हणजे पहिल्याला पहिल्यांशी लढावं लागतं. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगने २०२४ पासून ३६ संघ चार भांड्यांत वाटले आणि प्रत्येकाला प्रत्येक भांड्यातले दोन, असे आठ प्रतिस्पर्धी दिले. माप अचूक नाही, पण निदान प्रत्येकाच्या ताटात तिखट-गोड सारख्या प्रमाणात वाढण्याचा प्रयत्न आहे. कबड्डीत हे करायला काय हरकत आहे? सात जादा सामने वरच्या, मधल्या आणि खालच्या संघांत सारखे वाटावेत आणि वाटणीचा नियम आधी जाहीर करावा. हरकत एकच आहे, ती वर आलीच. गेल्या वर्षीचा क्रम या वर्षी खरा ठरत नाही. लिलावात अर्धा संघ बदलतो, आयपीएलमधल्या मुंबईसारखा कागदावरचा पहिला दहावा होतो.

म्हणून मला जास्त भरवसा वाटतो तो बुद्धिबळाच्या उपायाचा. स्विस पद्धतीच्या स्पर्धेत शंभराहून जास्त खेळाडू आणि फेऱ्या अकरा, अशी स्थिती असते. प्रत्येकाचे प्रतिस्पर्धी वेगळे असणारच. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ ची ग्रँड स्विस अकरापैकी साडेआठ गुणांनी निर्विवाद जिंकली, त्याला कुणाच्या आधाराची गरज पडली नाही. पण जिथे गुण सारखे होतात, तिथे बुद्धिबळ विचारतं, तू कोणाशी खेळलास? ज्यांच्याशी खेळलास त्यांनी स्पर्धेत मिळवलेले गुण बेरजेत धरतात. या मोजणीला बुखोल्झ म्हणतात. ज्याचे प्रतिस्पर्धी भारी, त्याचा क्रम वर. भाकीत नाही, गेल्या वर्षीची पुण्याई नाही, याच स्पर्धेचा निकाल हेच माप. कबड्डीत हे करायचं तर प्रत्येक संघाच्या अठरा सामन्यांतल्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय बेरजेला घ्यायचे आणि ज्यांच्याशी दोनदा गाठ पडली त्यांचे दोनदा.

आज त्या जागी गुणफरक बसला आहे, आणि तो नेमका उलटं काम करतो. दुबळ्या संघाला चाळीस-वीसने लोळवलं की गुणफरक फुगतो. ज्याच्या वाट्याला दुबळे संघ जास्त आले त्याला आधी विजय सोपे मिळतात आणि मग बरोबरी झालीच तर गुणफरकही त्यालाच साथ देतो. वेळापत्रकाची एकच मेहेरबानी दोनदा वसूल होते. पुणे-दिल्लीच्या बाबतीत तसं झालं असा माझा दावा नाही. पण झालं असतं तर तक्ता पाहून ते कळलंच नसतं, ही खरी अडचण आहे.

बुखोल्झ सामान्य प्रेक्षकाला कळणार नाही, असं कुणी म्हणेल तर त्याने १८ मे २०२४ ची रात्र आठवावी. बंगळूरने चेन्नईपुढे २१९ चं लक्ष्य ठेवलं होतं. ऋतुराज गायकवाडच्या चेन्नईला जिंकायची गरजच नव्हती, अठराहून कमी धावांनी हरलं तरी चालणार होतं, म्हणजे २०१ पुरे होते. चेन्नई १९१ वर थांबली. दोन्ही संघांचे चौदा गुण झाले आणि दशांश चिन्हानंतरच्या अंकांवर बंगळूर पुढे गेलं. त्या रात्री शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना २०१ हा आकडा पाठ होता. जो माणूस नेट रनरेट तीन दशांश स्थळांपर्यंत सांगतो, त्याला प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांची बेरीज जड जाईल हे मला पटत नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. प्रतिस्पर्ध्याचे विजयही त्याच्या स्वतःच्या वेळापत्रकावर अवलंबून असतात. मग एका वाकड्या मापाने दुसरं वाकडं माप मोजायचं का? याला पूर्ण उत्तर नाही. अठरा सामन्यांची सरासरी घेतल्यावर वाकडेपणा बराच झिजतो, एवढंच म्हणता येतं. आणि म्हणूनच हे माप फक्त बरोबरी फोडण्यापुरतं वापरावं. विजयाचे दोन गुण विजयाचेच राहिले पाहिजेत. दुबळ्याला हरवलं तर दीड आणि बलवानाला हरवलं तर अडीच असा कारभार सुरू झाला, की मैदानात चढाई करणाऱ्या पोराला आपण किती गुणांसाठी खेळतोय हेच कळणार नाही, आणि तळाच्या संघाचा सामना पाहायला कुणी येणार नाही.

वर्तमानपत्रातल्या तक्त्यात सामने, विजय, पराभव, गुणफरक आणि गुण असे रकाने असतात. त्यांच्या शेजारी प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या बेरजेचा एक रकाना सहज मावेल. त्यासाठी लीगच्या नियमपुस्तकात बदल होण्याची वाटही पाहावी लागत नाही. वेळापत्रक आणि निकाल सगळ्यांसमोर असतात, बेरीज कोणीही करू शकतं. पुढच्या हंगामात पलटण आणि दिल्ली पुन्हा सारख्या गुणांवर थांबल्या, तर वादाची सुरुवात तरी त्या रकान्यापासून करता येईल.